लेन्स पारखायची तर फिल्म कोणती?

छावणीतला एक साहेब विलायतेला परत चालला होता आणि त्यानं विकायला काढलेली जर्मन लेन्स माझ्या हातात होती! रविवार संध्याकाळपर्यंत, फक्त पारखायला. माझ्या कॅमेऱ्यावर ती अशी चपखल बसली की मी अंगणात एक गिरकीच घेतली. पण बाबा पडले हट्टी. म्हणाले, "त्या भिंगातून आधी हिचा फोटो काढ. मला फरक दिसला तर भिंग आपलं. नाही तर परत. मग कटकट नको."

'हिचा' म्हणजे आईचा.

आता खरी मेख फिल्मची. माझी नेहमीची फिल्म वेगवान, ढगाळ दिवसातही चालायची, पण फोटो मोठा केला की तोंडावर रवा सांडल्यासारखा दिसे. तिच्यावर ही लेन्स पारखायची? मैदा कोणी गव्हाच्या चाळणीनं चाळतं का! सायकल हाणत सदर बाजार गाठला. दुकानदारानं बारीक दाण्याच्या दोन फिल्मा काढल्या, दोन्ही काळ्या-पांढऱ्याच. एक जुन्या तऱ्हेची, तिला लाल दिसतच नाही, लाल ते काळं उमटतं. दुसरी नवीन. "भैया, ये सब रंग देखती है. धीमी है, पर लेंस की असली जान इसी में दिखेगी." झालं! मी नवी उचलली.

शनिवारी सकाळच्या उन्हात आईला खुर्चीवर बसवलं. धीमी फिल्म, म्हणून दटावलं, "अजिबात हलू नकोस."

"श्वास तरी घेऊ देशील का रे मेल्या?"

रविवारी दुपारी दुकानातून मोठा केलेला फोटो घेऊन आलो. काय सांगू! लुगड्याचा धागा न् धागा, पापणीचा केस न् केस! "बाबा, बघा, बघा!" मी दारातूनच ओरडलो.

बाबांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "काहून रे, हिचं कुंकू कुठं गेलं?"

खरंच, कपाळ कोरं होतं. नव्या फिल्मनं लाल रंग इतका उजळ टिपला की कुंकू कातडीत मिसळून गेलं.

"मी धडधाकट समोर उभा अन् तू हिचं कपाळ पांढरं करून आणून राहिला? जा, आत्ताच्या आत्ता भिंग परत देऊन ये!"

माझं डोकंच सणकलं. "अहो, यात भिंगाचा काय दोष? ही फिल्मची करणी आहे!"

"चूप!"

रागानं डोळ्यांत पाणी आलं. लेन्स डबीत घातली, चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात आई फोटो घेऊन खिडकीशी गेली. "अहो, हनुवटीवरचं गोंदण पाहा ना. लग्नाच्या आधीचं. मला वाटलं होतं, कधीच पुसलं ते."

बाबा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. बराच वेळ पाहत राहिले. मग कोनाड्यातून तिचा करंडा घेतला, बोटाला मेण लावून फोटोतल्या कपाळावर टेकवलं आणि त्यावर चिमटीनं कुंकू दाबलं.

इकडं आईनं नकळत मान पुढं केली होती.

माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, "साहेबाला सांगून ये, भिंग आमच्याकडेच राहील."