राजधानीची खबर

त्या हिवाळ्यात मी फौजेत नायक होतो, पोस्टवर रेडिओ ऑपरेटर. पोस्ट उत्तरेकडच्या डोंगरात. रायपूर नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झाल्याची बातमी मला तिथे ट्रान्झिस्टरवर कळली. माझ्याबरोबर ती ऐकणारा लान्स नायक दिलीप मेश्राम. दोघेही रायपूरचे: तो बुढापाऱ्याचा, मी शंकर नगरचा. दोघांचेही वडील रेल्वेत.

बर्फाने वाट बंद झाली की दिवस ठरलेला असतो. संतरी ड्युटी, बर्फ उपसणं, सेट तपासणं, जेवण, झोप. काही आठवड्यांत माणसं बोलेनाशी होतात. आमच्याकडे चहाच्या मगावरून मारामारी झाली. शिपाई बाळू शिंदे, साताऱ्याकडचा, ड्युटी संपली की भिंतीकडे तोंड करून बसू लागला.

मेजरसाहेबांनी हजेरीच्या फॉल-इनमध्ये हुकूम दिला, "हर जवान हफ्ते में एक पन्ना लिखेगा. कुछ भी. इतवार को लंगर के बोर्ड पर लगेगा."

मला पटलं नाही. संदेश जितका छोटा तितका चांगला, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. मी लिहिलं, 'हवामान खराब. बाकी ठीक.'

दिलीपने ते वाचलं. "काहून बे, हे काय लिहून राहिला? कंपनीले रिपोर्ट देऊन राहिला का?"

त्याच्या पानाचं नाव होतं 'राजधानीची खबर'. मजकूर असा: बुढापाऱ्याच्या गल्लीत मंत्र्याची लाल दिव्याची गाडी शिरली. पुढे म्हैस, मागे स्कूटर. कोणालाच हलता येईना, म्हणून बैठक तिथेच घेण्यात आली. अध्यक्षस्थानी म्हैस होती.

लंगरमध्ये जेवायला बसलेले सगळे हसले. बाळूने मान वळवली. "मंग म्हशीचं काय झालं?"

"थांब न. पुढच्या इतवारी."

तेव्हापासून सगळे रविवारची वाट पाहू लागले. म्हशीने कोणतं खातं घ्यावं यावर जेवताना वाद होत. मारामारी करणाऱ्या दोघांपैकी एकाने आईच्या हातच्या आमटीवर पान लिहिलं, दुसऱ्याने त्यातल्या चुका काढल्या, आणि दोघे पुन्हा बोलू लागले. माझंही काहीतरी बदललं. पान भरायचं म्हणजे दिवसभरात काय पाहिलं ते आठवावं लागे. त्यातून पाहायची सवय लागली. डोंगर तेच होते, पण सकाळी निळे आणि दुपारी राखेच्या रंगाचे दिसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. डोक्यात दिवसभर जे घोळत राही ते कागदावर उतरलं की झोप लागे.

हिवाळा सरत आला तेव्हा खालची वाट पाहायला चार जणांची गस्तीची तुकडी निघाली. दिलीप पुढे, त्याच्यामागे बाळू. मी सेटवर होतो.

"कंट्रोल, चार्ली वन. नाला पार कर रहे हैं. ओव्हर." दिलीपचा आवाज.

"रॉजर. ओव्हर."

मग आवाज आला तो सेटमधून नाही, बाहेरून. मालगाडी पुलावरून जावी तसा.

"चार्ली वन, चार्ली वन, रिपोर्ट. ओव्हर."

मी बोलावत राहिलो. मागचे दोघे चालत परत आले. दिलीप आणि बाळूचे देह दुसऱ्या दिवशी कोसळलेल्या बर्फातून काढले.

रविवारी बोर्ड रिकामा होता. मेजरसाहेब माझ्याजवळ आले. "बोर्ड खाली नहीं रहेगा."

"साहब, मुझसे नहीं होगा."

"जितना होगा, उतना."

मी ठिकाण लिहिलं. वेळ लिहिली. कॅज्युअल्टी दोन. रिपोर्ट बिनचूक होता आणि त्यात ते दोघं कुठेच नव्हते. मग खाली लिहिलं: बैठक संपली. म्हैस उठली आणि बुढा तलावाकडे चालू लागली. लाल दिव्याची गाडी हळूहळू तिच्यामागे निघाली. हॉर्न कोणी वाजवला नाही.

हे कुठून आलं, मला माहीत नाही. त्याआधी मी आयुष्यात एक ओळ मनाने रचली नव्हती. लंगरमध्ये एकाने ते मोठ्याने वाचलं. कोणी हसलं नाही. पण दोन दिवस ताटं तशीच परत जात होती, त्या दिवशी माणसं जेवली.

वाट उघडल्यावर रजा घेऊन रायपूरला आलो आणि बुढापाऱ्यात दिलीपच्या आईकडे गेलो. माझ्या तोंडात तयार वाक्यं होती. तिने हात वर केला.

"साहेब लोकं सांगून गेले, पोट्टा कसा गेला ते. तो तिथं राहत कसा होता, ते सांग मले."

मी म्हशीचं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता रडली. मी थांबलो, तर म्हणाली, "थांबू नको."

उठताना तिने विचारलं, "संगं दुसराही पोट्टा होता न? त्याच्या मायले कोणी सांगतलं का असं?"

बाळूबद्दल मला सांगण्यासारखं फार थोडं होतं. म्हणून उरलेल्या रजेत मी त्याच्या गावी गेलो, सांगायला कमी आणि विचारायला जास्त. त्याच्या आईने संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं. परतीच्या गाडीत मी सगळं लिहून काढलं.

आता मी निवृत्त आहे, रायपूरच्या समता कॉलनीत राहतो. सकाळी लिहायला बसतो. लेक म्हणते, "पापा, सब तो लिख चुके हो." नाही. लिहायला घेतलं की काही नवं आठवतं. आजचं पान असं:

लान्स नायक दिलीप मेश्राम रागावला की छत्तीसगढीत बोलायचा, आणि त्या बोलीत त्याला नीट रागावता येत नसे.

शिपाई बाळू शिंदेला पोहता येत नव्हतं. धाकट्या भावाच्या पाठीला त्याने रिकामा डबा बांधला, त्याला विहिरीत सोडलं आणि काठावर उभं राहून, हातवारे करत, ओरडून ओरडून त्याला पोहायला शिकवलं. भाऊ आजही उत्तम पोहतो.