कुलपाला आंघोळ

मराठी टायपिंगचा तो प्रोग्रॅम फ्लॉपीवर यायचा, पण त्याचा जीव एका कुलपात असायचा. कुलूप कसलं, काड्यापेटीएवढा प्लास्टिकचा ठोकळा. कॉम्प्युटरच्या पाठीमागे तो खोचायचा आणि त्याच्यावर प्रिंटरची वायर. फ्लॉपीच्या नकला हव्या तेवढ्या करा, ठोकळा नसेल तर पडद्यावर एक अक्षर उमटत नसे. कुलूप बिघडलं किंवा हरवलं तर प्रोग्रॅमच पुन्हा विकत घ्या, असं कंपनीने बजावलं होतं. नाशकात घराच्या पुढच्या खोलीत मी नुकतंच डीटीपीचं काम सुरू केलं होतं आणि येता-जाता पाठीमागे हात घालून ते जागेवर आहे ना, हे चाचपत होते. मुळात मला चैन अशी पडतच नाही.

वडील अंबडच्या कारखान्यात फिटर. खंडेनवमीला आई त्यांचे पाने, पक्कड, कानशी पुसून पाटावर मांडायची. त्या वर्षी तिने हौसेने विचारलं, "तुझ्या या पसाऱ्यातलं मुख्य हत्यार कुठलं गं?"

मी दिवाळी अंकाची प्रुफं गोळा करत होते. म्हटलं, "ते मागचं कुलूप. ते गेलं की मी संपलेच बघ." आणि प्रुफं द्यायला पंचवटीत गेले.

परतले तर पाटावर पान्यांच्या शेजारी, झेंडूच्या फुलांत, माझं कुलूप! पान्यांना नुसतं हळदकुंकू, पण मुख्य हत्यार म्हणून याला आईने दुधापाण्याने साग्रसंगीत आंघोळ घातली होती. भोकाभोकांत कुंकू.

"तुला हात लावायला सांगितलं कोणी?" मी ओरडलेच. आईच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली.

जुन्या टूथब्रशने, स्पिरिटच्या बोळ्याने मी ते पुसलं आणि गच्चीत उन्हात ठेवलं. खाली आले, वर गेले, पुन्हा खाली. अंकाची अर्धी पानं अजून कॉम्प्युटरमध्ये अडकलेली होती. जेवणावर वासना नव्हती. वाळलं असेल म्हणून उचलायची, नसेल म्हणून परत ठेवायची. शेवटी दुपार कलल्यावर राहवेना. ते खोचलं, बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर अंकाचं पान होतं, काना-मात्रा-वेलांटीसकट.

"आई, चालू झालं गं! ये ना, आरती राहिलीय."

ती आली आणि उंबऱ्याशीच थांबली. तिच्याच घरातली खोली ती. हात पदरात गुंडाळलेले. मी पुढे होऊन तिच्यासाठी खुर्ची ओढली.

आईने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाली, "हिला हात लावला तर चालेल ना गं?"