शेवंतीचे उरलेले रोप

छावणीलगतच्या आमच्या शाळेत सहावीच्या प्रत्येक मुलाला शेवंतीचे एक रोप देतात. त्याने ते कुंडीत लावावे आणि फुलेपर्यंत जोपासावे, अशी रीत आहे. काल व्हरांड्यात हे वाटप चालले होते; आम्ही शिक्षक तिथेच उभे होतो. एका सुभेदारांची आर्या, नुकतीच शाळेत आलेली, ओंजळ पुढे करून उभी राहिली. वर्गशिक्षिका माझ्याकडे पाहून हसल्या.

"हिला कशाला? फुलं येईस्तोवर वडिलांची बदली! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर."

"बाई, मागच्या शाळेतपण मी लावलं होतं."

"मग? बघितलीस का फुलं?"

"नाही. पण आली असतील ना."

बाईंनी पुढच्या मुलाला हाक मारली.

एकाच खुर्चीत वर्षानुवर्षे बसून राहण्याला काही जण स्थैर्य समजतात. तेवढे स्थैर्य खुर्चीलाही असते. वास्तविक शाळेतून प्रत्येकच मूल जाते, आणि त्याचा बहर शिक्षकाला सहसा दिसत नाही. तरीही शिकवायचे, हा आपल्या व्यवसायाचा पहिला धडा आहे. उद्या जाणार म्हणून आज हात आखडता घेणे धर्मशाळेच्या रखवालदारालाही शोभत नाही. तोसुद्धा वाटसरूला पाणी विचारतो.

आर्याने ओंजळ मिटली आणि शेजारच्या मुलाची कलंडणारी कुंडी धरून ठेवली.

"समजूतदार आहे हो पोर," बाई म्हणाल्या, आणि उरलेले रोप त्यांनी घरी नेण्यासाठी स्वतःच्या पिशवीत ठेवले.