चिकटमासा, क्लिंग फिल्म आणि तीन जणांची समिती

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आबा चोपड्याकडे केळीच्या पॅकिंगला जातात, माय निंदणी-खुरपणीला, आणि मी धुळ्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. होऊन पीएच.डी.ला नाव घातलेली. हे मी मिरवते असं कोणाला वाटलं तर वाटू दे. मिरवण्यासारखंच आहे.

विषय मी स्वतः निवडला होता. समुद्राकाठच्या खडकांमध्ये एक बोटभर मासा राहतो. त्याच्या पोटाखाली एक चकती असते, आणि तिच्या जोरावर तो ओल्या, खडबडीत, शेवाळलेल्या दगडाला असा धरून बसतो की लाट आली नि गेली तरी हा जागचा हलत नाही. मराठीत त्याला काय म्हणतात ते मला सापडलं नाही, म्हणून मी चिकटमासा म्हणायचे. आपल्या बाथरूमच्या गुळगुळीत फरशीला लावलेला रबरी हूक आठ दिवसांत टॉवेलसकट खाली येतो, आणि हा मासा खरबरीत दगडाला कसा काय धरतो, एवढाच माझा प्रश्न होता. प्रश्न साधा होता. समितीला साधे प्रश्न चालत नाहीत, हे मला उशिरा कळलं.

पीएच.डी.ची नोंदणी पक्की करायला तीन जणांची समिती बसते. पहिल्या खेपेला अध्यक्षांनी विचारलं, "खानदेशात समुद्र कुठे आहे?"

मी म्हटलं, "सर, आपल्याकडे भूगोलात हिमनदी शिकवतात. धुळ्यात हिमनदी कुठे आहे?"

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच विषय परत आला.

दुसऱ्या खेपेला प्रश्न होता, समाजाला उपयोग काय. मी सांगितलं की पाण्याखाली यंत्रं चिकटवायला, शस्त्रक्रियेत ओल्या अवयवाला इजा न करता धरायला जगभर लोक या माशाकडून शिकताहेत. अध्यक्ष म्हणाले, "जगाचं सोडा. कापूस? केळी? काही तरी स्थानिक घ्या." विषय पुन्हा परत. तिसऱ्यांदा परत आला तर नोंदणीच रद्द, असं कागदावर लिहून मिळालं.

माझे गाईड हुशार माणूस. शास्त्रात किती ते मी सांगणार नाही, पण समितीच्या बाबतीत हुशार. म्हणाले, "तू माशात क्लिंग फिल्म घाल."

क्लिंग फिल्म म्हणजे फ्रिजमधल्या कापलेल्या कलिंगडावर ताणून लावतात ती पातळ, पारदर्शक प्लास्टिकची झिल्ली. ती गुळगुळीत, कोरड्या काचेला घट्ट बसते; ओल्या दगडापुढे मात्र हात टेकते. मासा नेमका तिथेच बसतो. तेव्हा दोघांच्या पकडीची तुलना करायची. यात शास्त्र होतं, हे मी मान्य करते. पण सर तिथे थांबले नाहीत. केळीच्या फणीच्या देठाला अशी फिल्म गुंडाळली की केळी जरा उशिरा पिकतात, म्हणून त्यांनी केळीही आत घेतली. शेवटी माझ्या प्रबंधाचं शीर्षक चार ओळींचं झालं, आणि त्यात समुद्र, प्लास्टिक, शाश्वत विकास आणि चोपडा तालुका एकाच श्वासात आले.

मी ते घरी वाचून दाखवलं. आबांनी कान देऊन ऐकलं. म्हणाले, "केळीले मासा कोठून चिकटी ग?"

"चिकटत नाही आबा. तुलना आहे."

"मंग तुलना कर ना. आमनी केळी मधमा कसाले आनतस?"

तीस वर्षं केळीचे घड उचललेल्या माणसाला जे एका वाक्यात कळलं, ते समितीला कळू नये म्हणून तर शीर्षक चार ओळींचं केलं होतं.

फिल्मचा मोठा रोल सरांनी मागवला. प्राथमिक चाचणीसाठी तो आधी त्यांच्या घरी गेला आणि अर्धा होऊन आला. चाचणी कशावर झाली ते विचारायचं नसतं.

मासा मिळवणं जास्त अवघड होतं. कोकणात माझी एक संशोधक मैत्रीण आहे. तिने खडकांतल्या डबक्यातून एक मासा धरून दिला. तो मी समुद्राच्या पाण्याच्या कॅनमध्ये घालून, बॅटरीवरचा हवेचा पंप जोडून, एस.टी. बदलत बदलत धुळ्याला आणला. शेवटच्या गाडीत शेजारच्या अक्का कॅनमध्ये वाकून बघत होत्या.

"कितला लहान शे व! कालवणले तरी पुरी का?"

"खायला नाही अक्का. अभ्यासाला आहे."

"मासाना अभ्यास?" त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लगीन हुयेल शे का तुन्हं?"

प्रयोगशाळेत मी त्याच्यासाठी काचेची टाकी मांडली. पाण्यात मोजून मीठ, तळाला पांझरा नदीतून आणलेला एक खरबरीत दगड, आणि हवेची नळी. बाहेर धुळ्याचा उन्हाळा, आत हातभर समुद्र. तो दगडाला चिकटून बसायचा आणि मी त्याच्याकडे बघत बसायचे. दोघंही समितीची वाट बघत होतो.

तिसऱ्या खेपेला समिती प्रयोग बघायला कॉलेजातच येणार होती, आणि समिती यायची म्हणजे कॉलेज नवरीसारखं सजतं. वर्षभर न पुसलेल्या काचा पुसल्या गेल्या. बंद पंखे फिरायला लागले. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याचा निखळलेला हात तारेने बांधला. हे सगळं आमच्या नानांनी केलं. नाना म्हणजे प्रयोगशाळेचे सेवक, निवृत्तीला आलेले. त्यांना मासा आवडायचा. रोज सकाळी टाकीसमोर उभं राहून "राम राम" करायचे.

पाहुण्यांचं स्वागत शाल, नारळ आणि झाडाच्या रोपाने झालं. माझं सादरीकरण अकराला होतं. दहाला मी प्रयोगशाळेत गेले. टेबलावर नाश्त्याच्या ताटल्या मांडलेल्या होत्या, कचोरी, जिलबी, काजू कतली, आणि प्रत्येकीवर क्लिंग फिल्म ताणून बसवलेली. माझ्या संशोधनाचा उरलेला अर्धा रोल. नाना अभिमानाने म्हणाले, "बठ्ठं झाकी टाकं ताई. पाव्हना येई राह्यनात, धूळ नको."

बठ्ठं म्हणजे सगळंच. टाकीसुद्धा. काठोकाठ भरलेल्या टाकीवर फिल्म नगाऱ्याच्या कातड्यासारखी ताणलेली, आणि हवेची नळी बाहेर टेबलावर पडून फुरफुर करत होती.

"नळी आडी येत व्हती," नाना म्हणाले. "फिल्म बसेच ना. मंग काढी टाकी, कालदिन सांजले."

मी फिल्म टराटरा ओढली. मासा दगडावर होता, जागच्या जागी. कल्ले हलत नव्हते. बोट लावलं, पेन्सिलीने ढोसलं, तरी काही नाही.

नानांचा चेहरा उतरला. "मरी गया का व? पाप झाये, मन्हामुळे."

मी रडले नाही, कारण तेवढ्यात सर आले. त्यांनी टाकीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माशाच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उचललं. माशासोबत दगडही वर आला. तो मूठभर दगड माशाच्या कितीतरी पट जड होता.

"चिकटलाय ना?" सर म्हणाले. "मग झालं. तू बोलायचं नाहीस."

समिती आली. अध्यक्षांनी आधी ताटलीवरच्या फिल्मचं टोक शोधलं. ते सापडेना. गरम कचोरीच्या वाफेने फिल्म मधोमध खाली बसली होती. शेवटी त्यांनी गाडीच्या किल्लीने भोक पाडलं आणि म्हणाले, "वा, चांगली बसते ही. केळीला उपयोग होईल." माझं सादरीकरण तिथेच अर्धं जिंकलं होतं.

मग मी दोरा उचलला. मासा वर, त्याखाली दगड. दुसरे सदस्य टाळ्या वाजवू लागले. अध्यक्ष म्हणाले, "किती शांत आहे! आमच्या घरचे मासे तर सारखे पळत असतात. तुम्ही याला सवय लावलेली दिसते."

सर हसले. "मुलीने फार मेहनत घेतली."

आता इथे गप्प राहिले असते तर माझी नोंदणी दुपारच्या आत पक्की झाली असती. पण मी शिकले ते आबांनी पाठीवर ओझी वाहिली म्हणून, आणि मेलेल्या माशाला सवय लावली असं सांगून पुढे जायचं असेल तर एवढं शिकायची गरज नव्हती. मी म्हटलं, "सर, तो शांत नाही. मेलाय."

टाळ्या थांबल्या. अध्यक्षांच्या हातातली कतली तोंडाजवळ थांबली.

"म्हणजे आम्ही इतका वेळ प्रेत बघतोय?"

"हो. आणि तरी तो धरून आहे. बघायची गोष्ट तीच आहे. पकडून राहायला त्याला जोर लावावा लागत नाही. चकतीच्या कडेला केसांहून बारीक तंतू असतात, ते दगडाच्या खाचांत बसतात आणि आत पाणी शिरू देत नाहीत. जीव असो नसो."

तिसऱ्या सदस्य एक वयस्कर मॅडम होत्या. त्यांनी चष्मा वर केला, दोरा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः उचलून बघितलं. "किती वेळ धरील?"

"माहीत नाही मॅडम."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "असं करू. आता जेवण आहे. जेवून येईपर्यंत हा मासा चिकटून राहिला तर तुमची नोंदणी पक्की. नाही तर नाही." आणि ते तिघे शेवभाजीकडे गेले.

अशी शास्त्रीय कसोटी मी कुठे वाचलेली नव्हती, पण माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. मी दोरा स्टँडला टांगला, खाली ट्रे ठेवला. मासा कोरडा पडला तर पकड सुटेल, म्हणून नाना आणि मी आळीपाळीने मिठाचं पाणी थेंब थेंब सोडत बसलो. दर पंधरा मिनिटांनी मी वहीत वेळ लिहायचे. एक वाजला. दोन वाजले. नानांनी जेवण केलं नाही. मी म्हटलं, जाऊन या. तर म्हणाले, "माले भूक नही."

तीन वाजून गेले तरी कोणी येईना. साडेतीनला सर एकटे आले. हातात कागद.

"झालं, घे. तिघांच्या सह्या. जेवतानाच केल्या."

"बघायला येणार होते ना?"

"मॅडम म्हणत होत्या, येऊ. पण गाडी एकच."

कागदावर नोंदणी पक्की झाल्याचं लिहिलं होतं. खाली दोन सूचना होत्या. केळीचा भाग वाढवावा. मासा जिवंत ठेवावा.

मी खूश झाले, खोटं कशाला सांगू. आबांना लगेच फोन लावला. ते म्हणाले, "केळीवर मिळनी का मासावर?" मी म्हटलं, "केळीवर." ते हसले. मग म्हणाले, "माय, डॉक्टर हुई जाय आते." मला त्यांनी 'माय' म्हणून हाक मारली ती पहिल्यांदाच.

सर म्हणाले, "आता काढ तो मासा. वास येईल."

"सर, अजून सुटला नाही."

"सह्या झाल्या ना?" त्यांना खरंच कळेना. मान हलवून ते निघून गेले.

मी परत स्टूलवर बसले. नाना फोनवरचं ऐकून इतके खूश झाले की दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढत होते, सांगाड्याला माझं कौतुक सांगत होते. त्या गडबडीत पाणी सोडायची पाळी कोणाची, ते दोघंही विसरलो. चार वाजून पंचवीस मिनिटांनी दगड ट्रेमध्ये आदळला.

मी चकती भिंगाखाली धरली. डावी कड कोरडी पडून उचलली गेली होती. म्हणजे ही वेळ माशाची नव्हती, आमची होती.

"लिखं का, ताई?" नानांनी विचारलं.

मी लिहिलं: चार पंचवीस, पाणी द्यायला चुकलो, नोंद बाद, पुन्हा करणे. पक्क्या झालेल्या पीएच.डी.ची ती पहिली नोंद.

"म्हंजे आखो एक मासा आनशी?"

"तीन," मी म्हटलं.

नानांनी जरा विचार केला आणि स्टूल ओढून माझ्या बाजूला बसले. "मंग माले पहिले ती नळी कसाले लागस ते समजाडी दे," ते म्हणाले. मी वहीचं कोरं पान उघडलं आणि त्यावर टाकी काढायला घेतली.