तिसरी तार का तुटते

"गेली, बाय," इग्नेस अंकल हळूच म्हणाले.

ते मला सांगायची गरज नव्हती. मी नुसतं पेडल दाबून बघत होते, तेवढ्यात टण्‌ आवाज झाला आणि तुटलेलं टोक माझ्या मनगटाला चाटून गेलं. अंकलनी परवाच घरी बसवलेली तार. तिसरी. नेहमी तिसरीच.

शनिवारची सकाळ होती. दुपारी देरातल्या, म्हणजे आमच्या या आखाती शहराच्या जुन्या भागातल्या, एका हॉटेलात ब्रंच होता आणि तिथे अंकलचा बँड वाजवणार होता. अंकल आमच्या वसईचे. आठवडाभर एका ट्रेडिंग ऑफिसात अकाउंट्स बघतात, वीकेंडला पेडल स्टील गिटार वाजवतात. मी अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये वाद्यं दुरुस्त करते. गेले काही ब्रंच भर गाण्यात त्यांची तार तुटत होती, आणि बँडलीडर ट्रेवरने या वेळी स्पष्टच सांगितलं होतं: आज तुटली तर खलास. कीबोर्डवर स्टीलचा आवाज एका बटणात मिळतो, मग माणूस कशाला हवा?

"तो बटणाचा आवाज ऐकलायस तू?" अंकल बेंचभोवती येरझारा घालत होते. "दारात मांजराची शेपटी सापडल्यासारखा!"

"अंकल, बसा ना जरा."

"बसतोय कसला!"

खरं तर मलाही बसवत नव्हतं. मी उभ्यानेच काम करत होते आणि दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

ज्यांनी पेडल स्टील पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हे गिटार गळ्यात अडकवत नाहीत. पाय लावलेलं लांबट टेबल समजा, त्यावर दहा तारा. डाव्या हातातला लोखंडाचा गुळगुळीत दांडा तारांवरून सरकवायचा, उजव्या हाताने छेडायचं. खाली पेडल्स असतात. पेडल दाबलं की ठरावीक तारा टोकाकडून ओढल्या जातात आणि वाजता वाजता सूर चढतो. तो हुरहूर लावणारा आवाज तिथून येतो. तार जिथून ओढली जाते तिथे प्रत्येक तारेखाली गोल माथ्याचा धातूचा तुकडा असतो, त्याला आम्ही फिंगर म्हणतो. पेडल दाबलं की तार फिंगरवर वाकते, सोडलं की पूर्ववत. वायर एकाच जागी वाकवत राहिलं तर ती तुटणारच. तिसरी सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत उंच सुराची, म्हणून आधी तीच जाते.

पण दोन दिवसांत नाही जात.

काचेच्या केबिनमधून आमचे बॉस शाजी सर बाहेर आले. "जूली, वो टेबलवाला गिटार अभी तक? साउंड मिक्सर आज देना है, क्लायंट दो बार फोन किया."

"सर, बस थोडा टाइम."

"थोडा थोडा करके दिन खलास होता है. यल्ला, जल्दी."

मी टॉर्च घेऊन तिसरं फिंगर बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. मागच्याच आठवड्यात मी ते आरशासारखं पॉलिश केलं होतं. आता त्यावर पांढरी खरखरीत पूड आणि बारीक खड्डे. तुटलेल्या तारेच्या टोकाला तांबूस गंज. अशा खड्ड्यावर तार घासत राहिली तर करवतीवर घासल्यासारखंच की.

"अंकल, गिटार बाल्कनीत ठेवता का? दमट हवेत?"

"छे! अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये. चोवीस तास एसी. बायको कुडकुडते, पण मी बंद करत नाही."

शिवाय दमट हवेने गंज आला असता तर सगळ्या फिंगरना आला असता. दुसरं स्वच्छ, चौथं स्वच्छ. मग घाम? घामसुद्धा एकाच तारेवर कसा पडेल?

"हिला काय लावता तुम्ही? तेल? स्प्रे? काहीतरी लावताय तुम्ही."

"काही नाही गं! शपथ घेऊन सांगतो. पुसतो फक्त, मऊ कपड्याने."

अंकल खोटं बोलणारे नाहीत. म्हणून तर मी जास्तच वैतागले.

शेवटी फिंगर परत घासायला घेतलं. अगदी बारीक पॉलिश पेपर, तोही तारेच्या दिशेने चालवायचा. आडवा चालवलात तर नवे चरे पडतात. खड्डे गेले, माथा चकाकला. मग नवी तार. इथे गिटारवाले हमखास फसतात. साध्या गिटारमध्ये तारा बारीक ते जाड अशा ओळीने लागतात. इथे तिसरी तार पहिलीपेक्षाही बारीक. ओळीच्या भरवशावर जाड तार इथे लावली, तर सुरापर्यंत पोचायच्या आधीच तुटते. तारेच्या टोकाचा मणी फिंगरवरच्या बारीक खिळ्याला नीट अडकलाय ना, ते टॉर्चने बघायचं. आणि बाकीच्या तारांना हात लावायचा नाही. सगळ्या एकदम काढल्या तर ताण जातो, मग एक लावली की दुसरी उतरते. बदलायच्या असल्या तरी एकेकच.

तार सुरात आणली, हाताने हलकी ओढली, परत सुरात आणली. पाठ दुखायला लागली होती. मी किल्ली ठेवायला वळले आणि परत बघते तर अंकलनी शर्टच्या खिशातून प्लास्टिकची छोटीशी बाटली काढलेली. अंगठा ओला केला, ओठ पुटपुटले आणि बरोबर तिसऱ्या फिंगरवर तारेला क्रूस काढला.

"हात काढा!"

मी इतक्या जोरात ओरडले की शाजी सर केबिनच्या दारात आले. अंकलचा अंगठा तसाच हवेत.

"अगं, होली वॉटर आहे. गावच्या चर्चचं. बहीण घेऊन आली."

आमच्या गावच्या फादरनी जुना रिवाज सोडलेला नाही. पाणी आशीर्वादित करताना ते त्यात मीठ घालतात. माझ्या घरीही तशीच बाटली आहे, उंबऱ्याजवळ.

"हे कधीपासून लावताय?"

"पहिल्यांदा तुटली तेव्हापासून. आधी फक्त ब्रंचच्या दिवशी लावायचो. मग जास्त तुटायला लागली, म्हणून रोज."

मी कपडा घेऊन फिंगर पुसत सुटले. राग गेला होता, त्याची जागा भलत्याच कशाने तरी घेतली होती. हा माणूस रोज सकाळी देवाचं नाव घेऊन स्वतःचीच तार तोडत होता.

"अंकल, यात मीठ आहे. मिठाचं पाणी धातूला खातं. म्हणून तुटते."

त्यांनी ओला अंगठा शर्टला पुसला. मग म्हणाले, "आशीर्वादाने कधी काही गंजतं का, बाय?"

"आशीर्वादाने नाही. मिठाने."

"मग मी काय करू? न लावता स्टेजवर जाऊ? आज?"

तेवढ्यात शाजी सर, ज्यांना आमचं मराठी कितपत कळलं देव जाणे, म्हणाले, "अंकल, हम लोग भी नया गाडी लेके चर्च जाते हैं. फादर पानी बोनेट पे डालता है, इंजिन में नहीं."

अंकलनी मान हलवली आणि बाटली खिशात ठेवली.

फिंगर साध्या पाण्याने पुसून, कोरडं करून मी तिसरीच्या जागी आणखी एक कोरी तार लावली, कारण ओली झालेली ठेवायची माझी हिंमत नव्हती. आधी पेडल न दाबता खुंटी पिळून मोकळा सूर लावायचा, मग पेडल दाबून चढलेला. उलट केलंत तर दिवसभर सूर शोधत बसाल. शाजी सरांनी मिक्सर स्वतःच डिलिव्हर करतो म्हटलं आणि मला अंकलच्या गाडीत ढकललं.

देरात पोचलो तर स्टीलच्या जागेवर कीबोर्ड मांडून झालेला. ट्रेवरने फक्त हात वर करून कोपरा दाखवला. अंकलनी कोपऱ्यात गिटार उभं केलं. बाटली काढली. त्यांनी पाणी गिटारच्या पायाला लावलं, मग स्वतःच्या कपाळाला, आणि बाटली माझ्याकडे दिली.

"ठेव तुझ्याकडे. माझा भरवसा नाही."

पूर्ण ब्रंच मी किचनच्या दाराशी उभी होते. समोर आलेलं जेवण तसंच राहिलं. प्रत्येक पेडलला माझेच खांदे आखडत होते. शेवटच्या गाण्यात तो लांब चढता सूर आला आणि अंकलनी तो सोडलाच नाही, धरून ठेवला. टेबलांवरची बडबड थांबली. तार टिकली.

सामान आवरताना ट्रेवर आला. "अंकल, पुढच्या शनिवारी जरा लवकर या. स्टील मधे ठेवू, कीबोर्ड साइडला."

"इन्शाल्ला," अंकल म्हणाले, आणि केबल गुंडाळायच्या निमित्ताने पाठ फिरवून डोळे पुसले.

आता बेंचवर कुठलंही वाद्य आलं की 'काय बिघडलं?' हे मी नंतर विचारते. 'काही लावता का?' तर विचारतच नाही, त्याला सगळे 'नाही' म्हणतात. आधी विचारते, "याच्यावर तुम्ही माया कशी करता?" लोक लाजतात, हसतात, मग सांगतात. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.