खालून कापलेल्या चार ओळी

हृदयाच्या पेशींवरची बातमी आली तेव्हा पान छपाईला सोडायला अर्धा तास उरला होता. या पेशी फारशा नव्याने तयार होत नाहीत. वयाबरोबर त्यांची ऊर्जा कमी पडते, आत कचरा साठतो, स्नायू ताठर होतो. रोज भरभर चालल्याने हे म्हातारपण लांबणीवर पडू शकते, असेही तीत होते. ऐनवेळी जाहिरात आली. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, ही नांदेडच्या आमच्या डेस्कची रीत. मी चार ओळी कापल्या आणि मथळा दिला : ‘भरभर चाला, हृदय तरुण ठेवा’.

वडील निवृत्त शिक्षक. निलंग्यात बसून माझे पान रोज वाचायचे. त्यांचे हृदय आधीच कमजोर होते. लातूरच्या डॉक्टरांनी सावकाश चालायला सांगितले होते. वडिलांनी त्या बातमीचे कात्रण वहीत चिकटवले आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मैदानाला फेऱ्या सुरू केल्या.

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. “शर्यत लागल्यावानी चालायलेत. पाय सुजलेत, तरी ऐकत न्हाईत. तुझ्याच पेपरात हाय म्हणतेत.”

मी पोहोचलो तोवर त्यांना लातूरच्या दवाखान्यात दाखल केले होते. पाठीला तीन उशा. आडवे झाले की दम लागे. डॉक्टर म्हणाले, सूज उतरेल; हृदयाची घटलेली ताकद परत येईलच असे नाही.

वडिलांनी वही उघडली. “बातमी खोटी होती का रे?”

“नाही, बाबा. शेवट कापला होता.”

“काय होतं त्यात?”

“हृदय आधीच कमजोर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेग वाढवू नका.”

“अन् त्या जागी काय छापलं?”

“गादीच्या दुकानाची जाहिरात.”

“मग बरोबर हाय की. गादीवरच आणून टाकलं मला.” ते हसले आणि बराच वेळ खोकत राहिले. मग त्यांनी पेन पुढे केले. कात्रणाखाली मी त्या चार ओळी हाताने लिहिल्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या.

आता ते अंगणातून फाटकापर्यंत चालतात. माझे पान अजून वाचतात, कधी फोन करून विचारतात, “आजची बातमी एवढीच होती का?” टेकायला वाटेत खुर्ची ठेवलेली असते. गेल्या महिन्यात आईने ती घराच्या दाराजवळ ओढली; अलीकडे तिथेच त्यांना दम लागतो.