मामीच्या जन्मतारखेचं कुलूप

तळेगाव ढमढेऱ्याच्या पेठेत माझा सायबर कॅफे होता. कॉम्प्युटर तीन. एक चालायचा, दुसरा चालल्यासारखा दिसायचा आणि तिसरा एवढा तापायचा की त्यावर मी जेवणाचा डबा गरम करायचो. एका बाजारच्या दिवशी इनामगावचे माझे मामा मामीला घेऊन असे आत घुसले, की दाराची चौकट अजून वाकडी आहे.

मामीला दुबईला जायचं होतं, लेकीच्या बाळंतपणाला. व्हिसासाठी तिच्या खात्याचं स्टेटमेंट पुण्याच्या एजंटाला आजच मेलनं हवं होतं, तेही पासवर्ड काढून. बँकेनं पाठवलेल्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माची तारीख-महिना. त्यात चारला लाईट जायची. सूर्य एखाद्या दिवशी चुकेल, आमचं लोडशेडिंग नाही.

मी मामीची जन्मतारीख विचारली. मामांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू आजच ओळख होत होती. मामी म्हणाली, पोळ्याच्या आसपास कधीतरी. आम्ही पोळ्याच्या मागचेपुढचे दिवस टाकून पाहिले. कुलूप हलेना.

तोवर बाहेरचा कांदेवाला तराजू सोडून आत आला, त्याच्यामागं त्याचं गिऱ्हाईक, त्याच्यामागं अर्धा बाजार. सगळ्यांचं एकमत, एक जून. आमच्याकडं मास्तरांनी अख्ख्या तालुक्याला एकाच दिवशी जन्माला घातलेलं. पण मामी शाळेतच गेली नव्हती, म्हणजे तिच्या वाट्याला तो एक जूनसुद्धा आलेला नव्हता. तरी टाकला. नाहीच.

एक शर्टइन केलेले गृहस्थ म्हणाले, नेटवर फुकट साईट आहे, फाईल चढवली की पासवर्ड गळून पडतो. मामांचा चेहरा उजळला.

"मामा," मी म्हणालो, "तिजोरी उघडंना म्हणून ती चोराच्या घरी न्यायची व्हय?"

घड्याळ चारकडं सरकत होतं. मामा मामीवर घसरले. "अगं, खातं काढताना सायबाला कायतरी सांगितलंच आसशील की."

"सांगितलं की. मला माझी तारीख कुठं ठावं? लेकीची पाठ हाय, ती सांगितली. साल त्यानं माझ्या केसांकडं बघून टाकलं."

"मग मगाधरनं गप का?"

"तुम्ही माझी इचारत व्हता. लेकीची कुणी इचारली?"

मी बाजार बाहेर काढला आणि तारीख कानात सांगायला लावली. मामीनं सांगितलीही हळूच, पण खात्री करायला मामांनी ती अशी म्हणून दाखवली, की शिरूरच्या स्टँडवर ऐकू गेली असेल.

फाईल उघडली. कागदाऐवजी नवी फाईलच छापणाऱ्या पीडीएफ प्रिंटरनं मी तिची बिनकुलपाची प्रत काढली, एजंटाला मेल केली, मग दोन्ही प्रती उडवल्या, कचऱ्याचा डबा रिकामा केला, मेल बंद केला. मामांचं समाधान होईना. आकडे काचेला चिकटले असतील म्हणून ते उपरण्यानं पडदा पुसायला लागले, आणि लाईट गेली. मामांना अजून वाटतं, त्यांनीच जास्त घासलं.

व्हिसा आला. मामी डिंकाचे लाडू घेऊन गेली आणि परतली ती घरी न जाता सरळ बँकेत. सगळ्या बाजाराला जुनी तारीख ठाऊक झालेली, म्हणून तिला खात्यावरची आपली जन्मतारीख बदलून हवी होती.

आता नातवाची.